काचेची भांडी स्वच्छ ठेवल्याबद्दल

रसायनशास्त्र शिकून पुढे काय करता येतं, हे मुलांना सांगायला कॉलेजनं जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं आणि माझ्या नातीनं माझं नाव परस्पर देऊन टाकलं. ती तिथंच शेवटच्या वर्षाला होती. मी म्हटलं, अगं, मी जन्मभर शहराचं पाणी तपासलं, त्यात सांगण्यासारखं काय असणार? ती म्हणाली, तेच सांग आजी, बाकीचे सगळे बढाया मारायला येणार आहेत. मग जाता जाता तिनं प्रमुख पाहुणा कोण ते सांगितलं. मी हातातला कप बशीत ठेवला आणि येते म्हटलं.

प्रमुख पाहुणा म्हणजे आमच्या वर्गातला चिमटा. आता त्याचा रंगांचा मोठा कारखाना आहे. खेळण्यांवर, बसगाड्यांवर, आग विझवायच्या नळकांड्यांवर जो झगझगीत लाल असतो तो त्याचा. बाजारात त्या लालाला त्याच्या आडनावानंच ओळखतात. पण आमच्यासाठी तो चिमटाच. प्रयोगशाळेत तापलेलं भांडं उचलायला चिमटा लागतो आणि याच्याकडे स्वतःचा कधीच नसायचा. शेजारच्याचा घ्यायचा. पुढेपुढे शेजारच्यानं तापवलेलं भांडंही घ्यायला लागला. हात मात्र त्याचा एकदाही भाजला नाही.

माझं नाव विरजणबाई. तेही वर्गानंच ठेवलेलं. दुसऱ्या वर्षाला आम्ही स्फटिक करायला शिकत होतो. गरम द्रावण निवलं की त्यात खडे धरायला हवेत, पण त्या दिवशी कुणाचेच धरेनात. सरांनी विचारलं, का होत नसेल? मागच्या बाकावरून मी म्हटलं, "सर, विरजण नाही लावलं." वर्ग हसला. सरांना कायम खोकला असायचा, ते खोकत खोकत सगळ्यांत जास्त हसले आणि मग म्हणाले, बरोबर आहे तिचं. आधीच्या स्फटिकाचा एखादा कण टाकला की त्याच्याकडे बघून बाकीचे रांगेत बसतात. दुधाचं दही होतं तसंच. तेव्हापासून मी विरजणबाई. मला दुसऱ्यांच्या चुका दाखवायची खोड होती, म्हणून मुलांनी त्या नावाला आणखी एक अर्थ चिकटवला. कुठं काही छान चाललं असलं की ही येणार आणि त्यावर विरजण घालणार. दोन्ही अर्थ मला लागू होते. मी कधी तक्रार केली नाही.

शेवटच्या वर्षी दोघादोघांना मिळून एकेक काम दिलं होतं. माझ्या वाट्याला चिमटा आला. आम्हाला एक रंगद्रव्य करायचं होतं. करायला अवघड नव्हतं, पण ते काही केल्या घट्ट होत नसे. फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखं काळपट, चिकट बसून राही. मी ते पुन्हापुन्हा करत होते. चिमटा यायचा, फ्लास्क उजेडात धरून बघायचा, मान हलवायचा आणि कँटीनला जायचा.

एका दुपारी धुवायला काढलेल्या जुन्या फ्लास्कच्या मानेशी मला काहीतरी चमकलं. कधीतरी एक थेंब तिथं वाळला होता. मी तो टाचणीनं खरवडला आणि नव्या द्रावणात सोडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या कणापासून सुया फुटायला लागल्या. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, सगळ्या दिशांनी. डाळिंबाच्या दाण्यामागे दिवा धरावा तसा लाल. मी आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी बघितल्या आहेत, लेकीचं तोंड पहिल्यांदा बघितलं तेही त्यातच आलं, पण त्या सुया फुटताना बघणारी मी एकटी होते आणि ते मी कुणाला देऊ शकत नाही.

पहिल्यांदा सांगितलं ते चिमट्याला. जोडीदार होता, सांगणारच. कण कुठून खरवडला, द्रावण किती निवू द्यायचं, हलवायचं नाही, सगळं. त्यातल्या चार सुया मी काचेच्या बारीक नळीत घालून नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं. कशाला, असं त्यानं विचारलं. आवडल्या म्हणून, असं मी म्हटलं.

त्याच सुमारास आई आजारी पडली आणि मी घरी गेले. आई गेली. सगळं आटोपून परत आले तेव्हा चिमट्यानं परिषदेत निबंध वाचला होता, तो छापून आला होता आणि परदेशातल्या शिष्यवृत्तीचं पत्रही त्याला मिळालं होतं. सरांनी छापलेली प्रत माझ्या हातात दिली. वर एकच नाव होतं. माझं नाव होतं ते शेवटच्या ओळीत. काचेची भांडी स्वच्छ ठेवल्याबद्दल आभार.

मी सरांकडे गेले. लाल मी केला, असं सांगितलं. सर माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा करून दाखव. मी स्वतः परिषदेला कळवतो." यापेक्षा न्यायाचं आणखी काय असतं? मागच्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी मला जागा दिली आणि मी कामाला लागले. नळीतल्या चार सुया मी बाहेर काढल्या नाहीत, त्याही चिमट्याच्याच ठरल्या असत्या.

पहिल्याच फ्लास्कमध्ये पिवळा आला. सुया नाहीत, बाजरीसारखे गोल, मठ्ठ दाणे. मी भांडं बदललं. पिवळा. टेबल बदललं. पिवळा. द्रावण नव्यानं केलं, खिडक्या बंद केल्या, पिवळा. सर रोज येऊन बघून जात. शेवटी म्हणाले, "प्रत्येकाचा हात वेगळा असतो, बाई." झालं. माझ्या हातानंच निकाल दिला की लाल माझा नव्हता. चिमटा तोवर विमानात बसला होता.

काय झालं ते मला कळलं, पण उशिरा. ते द्रव्य एकच होतं. त्याला बसायच्या दोन तऱ्हा होत्या. लाल म्हणजे घाईत बसलेला. गर्दीच्या बसमध्ये माणूस अर्धा सीटवर, अर्धा बाहेर टेकतो तसा. पिवळा म्हणजे मांडी ठोकून बसलेला. एकदा कुणी मांडी ठोकून बसलं की त्याला बघून बाकीचे तसेच बसतात आणि मग अवघडून बसायला कोण तयार होणार? त्या मागच्या खोलीत पिवळा एकदा आला आणि त्याचा दिसणारही नाही इतका बारीक कण माझ्या बाहीवर, केसांत, खिडकीच्या कठड्यावर जाऊन बसला. त्यानंतर तिथं लाल धरणं शक्यच नव्हतं. माझंच विरजण मला आडवं आलं होतं. मी हे सरांना समजावून सांगायला गेले. त्यांनी हात वर केला आणि पुरे आता म्हणाले. मी पिवळ्याचेही काही दाणे एका नळीत घालून तोंड वितळवून टाकलं. हे आवडले म्हणून नव्हतं.

पुढे ती मागची खोली पाडली, सगळं कॉलेजच नव्यानं बांधलं. पिवळा जगात उरला तो माझ्या कपाटातल्या नळीत. चिमट्याला तो माहीतच नव्हता. आणि मला नोकरी लागली पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत.

कार्यक्रमाला मी लवकर गेले. चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळून, पिवळ्याची नळी बरोबर घेतली होती. काय करायचं ते ठरवलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ठरवलं होतं की आधी त्याला एक संधी द्यायची.

सभागृहाबाहेर चहा चालला होता. चिमटा अजून ताठ होता, पांढऱ्या केसांचा, कोट अंगाबरोबर शिवलेला. मला बघून त्यानं हात पसरले आणि चारचौघांत मोठ्यानं विरजणबाई म्हणून हाक मारली. चौकशा झाल्या. मग मी त्याला जरा बाजूला घेतलं.

"चिमट्या, आज मुलांना सांगशील का?"

"काय?"

"लाल कुणी केला ते."

तो हसला. वाईट वाटावं असंही हसला नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसा हसला. "अगं, इतक्या वर्षांनी? बरं, सांगतो. भांडी कुणी घासली ते नक्की सांगतो."

मी चहा संपवला. चहा चांगला होता.

आमची भाषणं आधी झाली. साबणवाली माझी मैत्रीण, सगळं आयुष्य साबणाच्या कारखान्यात काढलेली. तिनं सांगितलं की मुलाखतीत तिला पहिला प्रश्न विचारला होता, घरी कपडे कोण धुतं? तिनं उत्तर दिलं होतं, नवरा, आणि साबण मी निवडते. मुलं खूश झाली. विषवाला पोलिसांच्या प्रयोगशाळेत होता. तो म्हणाला, आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची कधीच तक्रार नसते. एक जण औषधांच्या कंपनीतून आला होता, एक बिस्किटांच्या, एक तर रसायनशास्त्र शिकून विमा विकत होता आणि त्याचं म्हणणं असं की स्फोट कशाकशाचा होतो हे माहीत असलं की विमा विकणं सोपं जातं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि ते तसंच राहावं म्हणून पगार घेणारी मी. तुमचं काम चांगलं झालं की कुणाला काहीच कळत नाही. शहर रोज सकाळी उठून दात घासतं, हेच तुमचं प्रगतिपुस्तक. ज्याला टाळ्या हव्या असतील त्यानं इकडे येऊ नये. नातीनं पुढच्या रांगेतून अंगठा दाखवला.

मग चिमटा उठला. त्याचा एक खेळ ठरलेला होता, जाईल तिथं तो करून दाखवायचा. उंच बीकरमध्ये तयार द्रावण, गरम असताना बिअरसारखं पारदर्शक. ते निवेपर्यंत बोलायचं, मग काचकांडीनं आतून भिंत खरवडायची, की बघताबघता सगळं बीकर लाल सुयांनी भरतं. बोलताना त्यानं आमच्या काळाची गोष्ट सांगितली. कसा तो दिवसरात्र त्या फ्लास्कशेजारी बसायचा, कसा एका दुपारी त्याला फ्लास्कच्या मानेशी एक थेंब चमकताना दिसला. टाचणीसुद्धा सोडली नाही त्यानं. मग म्हणाला, आमच्या वेळी वर्गात मुली थोड्या असायच्या, पण भांडी फार सुरेख घासायच्या.

मी मांडीवरच्या रुमालात नळीचं तोंड मोडलं. कट् असा आवाज आला, साबणवालीनं वळून बघितलं आणि तिला वाटलं मी गोळी काढते आहे.

मी उठून काही करायची गरज पडली नाही. त्यानंच मला बोलावलं. "आज आपल्यात त्या वेळची माझी सहकारी बसलेली आहे. विरजणबाई, या. आज खरवडायचा मान तुमचा."

नातीनं हात धरून मला पायऱ्या चढवल्या. त्यानं काचकांडी पुढे केली. मी ती घेतली आणि रुमालानं वरपासून खालपर्यंत नीट पुसली.

"बघा," तो मुलांकडे वळून म्हणाला, "सवय जात नाही."

सभागृह हसलं. मीही हसले. मग कांडी बीकरमध्ये घातली आणि भिंतीवर एकच ओरखडा काढला.

पिवळा असा आला, जणू इतकी वर्षं दाराबाहेर ताटकळला होता. तळापासून उठला, वर चढला, आणि थोड्या वेळात बीकरमध्ये बाजरीची रास पडावी तसं झालं. चिमट्याच्या तोंडाचा रंग उतरलेला मी हातभरावरून पाहिला. त्यानं बीकरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आता बोलेल, असं मला वाटलं. काय केलंस, असं विचारेल, मी सांगेन, आणि सगळ्यांना कळेल.

तो मुलांकडे वळला. चेहऱ्यावर हसू परत आलं होतं.

"मित्रांनो, हेच तुम्हाला आज पहिल्यांदा दाखवायचं होतं," तो म्हणाला. "लाल तर तुम्ही बघितलाच आहे. हे आमचं नवं रूप. अजून कारखान्याबाहेर कुणी पाहिलेलं नाही."

टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. मी काचकांडी हातात धरून उभी राहिले. सूड घ्यायला जावं आणि चोरानं सूडही उचलून खिशात घालावा, असं माझं झालं. नात खालून माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, पण आजीचं काहीतरी चुकलं, एवढं तिला दिसत होतं.

कार्यक्रम संपल्यावर सगळे फोटो काढायला गेले. चिमटा मंचावरच होता. तो बीकरवर गाळणकागद दुमडून झाकण करत होता. त्याला बीकर न्यायचं होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्याच्याजवळ गेले आणि जे खरं होतं तेच सांगितलं.

"चिमट्या, हे नेऊ नकोस. इथंच ओतून टाक. हात धू, आणि तो कोट कारखान्यात घालून जाऊ नकोस. ते घरात शिरलं की निघत नाही."

त्यानं झाकण घट्ट बसवलं. "का? तुझं आहे म्हणून?"

"हो."

"भांडी घासायची हौस अजून फिटली नाही तुझी," तो म्हणाला आणि बीकर छातीशी धरून गाडीकडे निघाला. कोटाच्या बाहीला पिवळी भुकटी लागली होती.

मी त्याला खोटं सांगितलं नाही. आणि नको म्हटलेली वस्तू तो नेल्याशिवाय राहणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसतात. घरी येताना मी नातीला आइस्क्रीम खाऊ घातलं. तिनं विचारलं, आजी, तू रागावली आहेस का? मी म्हटलं, नाही गं, मी वाट बघते आहे.

बातमी साबणवालीनं आणली. तिचा जावई चिमट्याच्याच कारखान्यात होता. एका हौदातला लाल नारिंगीकडे झुकला. दुसऱ्या दिवशी तोच हौद पिवळा. मग शेजारचा. कामगारांना वाटलं कुणीतरी चुकीची पोती ओतली. हौद घासले, वाफेनं धुतले, भिंतींना नवा रंग दिला, सगळ्यांचे कपडे बदलले. लांब दुसऱ्या गावातल्या शाखेत करून बघावं म्हणून चिमटा स्वतः गेला आणि तिथंही पिवळा घेऊन गेला. मग म्हणे पाण्यातच काहीतरी आहे, असं ठरलं आणि पाणीपुरवठ्याकडे तक्रार गेली. साबणवाली फोनवर इतकी हसली की तिला खोकला लागला. पाण्याची बाजू घ्यायला आमच्या कचेरीतली आजची मुलं समर्थ होती, त्यांनी पाणी निर्दोष सोडलं.

कारखाना बंद पडला नाही, हे मी आधी विचारून घेतलं. साबणवालीच्या जावयाची नोकरी जावी, अशी माझी इच्छा नव्हती. पिवळा उन्हात उडत नाही, मांडी ठोकून बसलेला तो, कशाला उडेल? त्यांनी तो रस्त्यांवरच्या पट्ट्यांसाठी विकायला काढला. चांगला खपला. आमच्या घरासमोरच्या चौकातसुद्धा तोच आहे. रस्ता ओलांडताना मी मुद्दाम पट्टीवर पाय ठेवून जाते. पण आडनावाचा लाल संपला. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. चिमट्याच्या मुलानं सगळ्या संचालकांसमोर म्हणे विचारलं, "बाबा, तुम्ही केला होता ना? मग पुन्हा करून दाखवा."

हे वाक्य ऐकून मी फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ उभी राहिले. सर असायला हवे होते.

चिमटा एका सकाळी माझ्याकडे आला. गाडी लांब लावून चालत आला होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं घर बघितलं, भिंतीवरचे फोटो बघितले, गुडघे कसे आहेत ते विचारलं. मी काहीच सोपं केलं नाही. शेवटी तो म्हणाला, "तू त्या वेळी एक नळी बंद करून ठेवली होतीस. लालची. आहे अजून?"

"आहे."

"दे मला."

"हे मागणं झालं का, चिमट्या?"

त्यानं पाण्याचा पेला उचलला. मी म्हटलं, "विरजण शेजाऱ्याकडे मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. वाटी घेऊन दारात यायचं, थोडं द्या म्हणायचं. तू त्या वेळी म्हणाला असतास, दोघांचं नाव घालू, तर मी वाटीभर दिलं असतं. तू पातेलंच उचलून नेलंस."

"थोडं दे," तो म्हणाला. आवाज इतका खाली होता की मला मान पुढे करावी लागली.

मग मी त्याला समजावून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं नव्हतं, यानं शब्द न् शब्द ऐकला. लालची नळी त्याला दिली तरी त्याचा उपयोग नव्हता. तो ती जिथं उघडेल तिथं पिवळा आधीच बसलेला असेल. त्याच्या कारखान्यात, गाडीत, कोटात, त्याच्या पांढऱ्या केसांत. लाल पुन्हा होऊ शकेल, पण जिथं तो कधी गेला नाही अशा खोलीत, त्याला कधी न भेटलेल्या हातांनी.

"म्हणजे माझ्याजवळ नाही," तो म्हणाला.

"तुझ्याजवळ कधीच नाही."

त्यानं पाण्याचा पेला दोन्ही हातांत फिरवला. मला दया आली का? माझ्या लेकीनं मला नंतर हेच विचारलं. नाही आली. मी शोधून बघितली.

माझी अट मी त्याला सांगितली आणि तो कबूल झाला. मुलासमोर खोटं पडण्यापेक्षा त्याला तेच बरं वाटलं असावं.

कॉलेजनं रस्त्यापलीकडे नवी इमारत बांधली होती. तिथल्या एका कोऱ्या खोलीत काम करायचं ठरलं. त्या कार्यक्रमाच्या दिवशी कॉलेजात नसलेली मुलंच हवी होती, म्हणून त्या वर्षी नव्यानं आलेल्यांतून दोघी मुली निवडल्या. नातीला आत जाता येईना. तिनंच माझा हात धरून मला मंचावर नेलं होतं. ती थोडी फुरंगटली, मग बाहेरून सगळी व्यवस्था बघायला लागली. मलाही आत जाता येणार नव्हतं. उघडलेली नळी माझ्याच रुमालात होती. मला ते आधीपासून माहीत होतं आणि ते मी आनंदानं सोसलं. लालची नळी बाहेरून तीनतीनदा स्पिरिटनं धुऊन दाराच्या फटीतून आत सरकवली.

त्या खोलीला व्हरांड्याच्या बाजूनं मोठी काच आहे. काचेबाहेर मी, चिमटा, त्याचा मुलगा, नात, आणि बातमी पसरल्यामुळे जमलेली बरीच मुलं. आतल्या मुलीनं नळी मोडायच्या आधी मी चिमट्याकडे बघितलं. तो मुलांकडे वळला. या वेळी हसू नव्हतं.

"लाल हिनं केला," तो म्हणाला. "मी नेला."

मुलं त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या मुलानं खाली बघितलं. हे ऐकल्यावर आपल्या आत काहीतरी मोठं हलेल, असं मी कितीतरी वर्षं मनाशी धरून होते. तसं काही हललं नाही. गोड वाटलं, एवढंच. पण फार गोड वाटलं.

आत मुलीनं कण सोडला. आधी काहीच नाही. दुसरी मुलगी बीकरवर वाकली, तिला पहिलीनं खांद्याला धरून मागे ओढलं. मग सुया फुटल्या. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. आतल्या दोघींची तोंडं मला दिसत होती आणि मला कळलं की मी ते कुणाला देऊ शकत नाही हे माझं म्हणणं चुकीचं होतं.

चिमट्यानं काचेवर तळहात टेकला होता. नातीनं तो हळूच काढायला लावला आणि जागेवर फडकं फिरवलं.

मुलींनी कामाचा निबंध लिहिला तो छापून येण्याआधी खोलीच्या दारावर लावला होता. वर त्या दोघींची नावं आणि त्यांच्या आधी माझं. निबंध माझ्या नातीनं तपासून दिला होता आणि शेवटची ओळ मी तिला सांगितली होती. चिमटा डोळ्यांना चष्मा लावून सगळं वाचत खाली आला आणि तिथं थांबला. तिथं त्याचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. खोलीबाहेर थांबल्याबद्दल आभार.